खंडभर मुक्त व्यापार, पण आधी हिशेबाची वही : पूर्व आफ्रिकेतल्या लहान कारखानदारांसाठी

झाकणं वसईहून येत होती. नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात आम्ही प्लास्टिकचे हवाबंद डबे बनवतो. डबा इथला, कामगार इथले, फक्त एका मापाची झाकणं वसईच्या पुरवठादाराकडची. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरावर कस्टम्सच्या माणसाने कार्टन फोडलं, एक डबा बाहेर काढला, झाकण उलटं केलं आणि आतल्या बाजूला मसुराएवढ्या अक्षरांत उमटलेलं वाचलं : मेड इन इंडिया. आफ्रिकेतल्या खंडीय मुक्त व्यापार करारात ड्यूटीची सवलत मिळावी म्हणून जोडलेल्या आमच्या प्रमाणपत्रावर होतं, माल केनियाचा. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरीही प्रमाणपत्र पडताळणीला गेलं, गिऱ्हाइकाला पूर्ण ड्यूटीएवढी रक्कम अनामत भरावी लागली, आणि पुढचे चार महिने मी एकच काम केलं : त्या लॉटमधली झाकणं कुठल्या तारखेला, कुठल्या भावाने आली आणि डब्याच्या किमतीत त्यांचा वाटा किती, हे कागदावर दाखवणं. अनामत परत मिळाली. गिऱ्हाईक मात्र पुढच्या वेळी चीनच्या मालाकडे वळलं.

हा लेख नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम इथे कारखाना चालवणाऱ्या किंवा कुणाच्या कारखान्यात एक्स्पोर्ट सांभाळणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे. महाराष्ट्रातून इथे कच्चा माल किंवा मशीन पाठवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं लिहिलं आहे.

हा करार म्हणजे आफ्रिकी खंडीय मुक्त व्यापार क्षेत्र, एएफसीएफटीए. मार्च २०१८ मध्ये किगालीत त्यावर सह्या झाल्या, ३० मे २०१९ ला तो अमलात आला, आणि त्याखालचा व्यापार कागदोपत्री १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाला. आफ्रिकी संघाच्या ५५ देशांपैकी एरिट्रिया सोडून सगळ्यांनी सही केली आहे. सचिवालय घानात, अक्राला. प्रत्यक्ष माल हलायला मात्र ऑक्टोबर २०२२ उजाडला. तेव्हा केनिया, टांझानिया, रवांडा, घाना, कॅमेरून, इजिप्त, मॉरिशस आणि ट्युनिशिया या आठ देशांनी निवडक मालावर चाचणी म्हणून सुरुवात केली. केनियातल्या बॅटऱ्या आणि रवांडाची कॉफी घानात उतरली ती याच सुमारास. दक्षिण आफ्रिका जानेवारी २०२४ मध्ये या व्यापारात सामील झाली.

पहिलं काम : हा करार तुम्हाला लागतो का, ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. सेमिनारला जाऊन आलेले शेठ विचारतात, "आता युगांडाला ड्यूटी माफ ना?" युगांडाला ती आधीपासूनच माफ आहे. केनिया, युगांडा, टांझानिया वगैरे देशांच्या पूर्व आफ्रिकी समुदायाचा कस्टम्स युनियन, म्हणजे आपसांत ड्यूटी न लावण्याची व्यवस्था, २००५ पासून चालू आहे, आणि ज्या देशांनी आपसांत आधीच जास्त सवलत दिली आहे ती खंडीय करार मोडत नाही. म्हणून आधी एका कागदावर गिऱ्हाइकांचे देश लिहा आणि प्रत्येकासमोर कुठला दरवाजा उघडा आहे ते लिहा.

नैरोबीहून कंपाला, किगाली, दार-ए-सलाम : पूर्व आफ्रिकी समुदाय. नैरोबीहून इजिप्त, झांबिया, मॉरिशस : कोमेसा, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांची सामाईक बाजारपेठ, जिचं मुक्त व्यापार क्षेत्र २००० सालापासून आहे. नैरोबीहून घाना, कॅमेरून : खंडीय करार. आता कारखाना दार-ए-सलामला असेल तर गणित बदलतं. टांझानियाने २००० मध्ये कोमेसा सोडलं, पण तो दक्षिणेकडच्या देशांच्या सॅडेक या गटात आहे. त्यामुळे दारहून लुसाकाला माल सॅडेकच्या कागदावर जातो, आणि कैरोला पाठवायचा तर खंडीय करार कामाला येतो. शेजारशेजारच्या दोन देशांतले दोन कारखाने, माल एकच, कैरोचं गिऱ्हाईकही एकच, पण प्रमाणपत्रं वेगळी.

दोन दरवाजे उघडे असतील तर जुना, वापरात असलेला घ्या असं माझं मत आहे. कोमेसाचं प्रमाणपत्र तिथल्या कस्टम्सच्या माणसाने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. नवा कागद पाहिला की तो साहेबांकडे जातो, आणि साहेब जेवायला गेलेले असतात. दुसरं कारण नियमांचं आहे. कोमेसात किमान ३५ टक्के मूल्यवर्धन दाखवलं की माल पात्र ठरू शकतो, खंडीय करारात प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा लिहिलेला आहे. एकात बसणारा माल दुसऱ्यात बसेलच असं नाही.

एचएस क्रमांक : अंदाजाने लिहू नका

पुढची प्रत्येक गोष्ट सहा आकडी एचएस क्रमांकावर, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या जगभर चालणाऱ्या क्रमांकावर, उभी आहे. दर त्यावर, उगमाचा, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा याचा, नियम त्यावर, आणि भांडणही त्यावरच. आमचाच डबा घ्या. ३९२३ या शीर्षकात, म्हणजे क्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांच्या गटात, मालाची ने-आण आणि पॅकिंग यांसाठीच्या प्लास्टिकच्या वस्तू येतात. ३९२४ मध्ये घरगुती आणि स्वयंपाकघरातल्या. डबा रिकामा, किराणा भरायला विकला तर तो स्वयंपाकघरातला. तोच डबा लोणचेवाल्याला पॅकिंगसाठी विकला तर? आमच्या क्लिअरिंग एजंटने वर्षानुवर्षं ३९२३ टाकलं होतं, कारण पहिल्या वेळी कुणीतरी तसं टाकलं होतं. गिऱ्हाइकाच्या देशात ते ३९२४ धरत होते. प्रमाणपत्रावर एक क्रमांक आणि बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कस्टम्स नोंदीवर, दुसरा आला की सवलत तिथल्या तिथे अडते.

म्हणून आपल्या देशाच्या कस्टम्सकडून वर्गीकरणाचा लेखी निर्णय आधीच मागून घ्या. त्याला 'अॅडव्हान्स रुलिंग' म्हणतात. मग तो क्रमांक गिऱ्हाइकाला पाठवा आणि त्याच्या एजंटला तो मान्य आहे का, ते ईमेलवर लिहून घ्या. फोनवर नाही.

दर : 'मुक्त' शब्दावर जाऊ नका

सवलत एकदम मिळत नाही. ९० टक्के वस्तूंवरची ड्यूटी पाच वर्षांत शून्यावर आणायची, अतिअविकसित देशांना त्यासाठी दहा वर्षं. आणखी ७ टक्के वस्तू 'संवेदनशील', त्यांना दहा ते तेरा वर्षं. उरलेल्या ३ टक्के वस्तू कराराबाहेर. या ३ टक्क्यांत कोण बसलं आहे, ते प्रत्येक देश किंवा कस्टम्स युनियन स्वतः ठरवतो, आणि साधारणपणे ज्या मालाला स्थानिक कारखानदार घाबरतात तोच तिथे बसतो. तुमचा माल नेमका तोच असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

कराराचं ई-टॅरिफ पुस्तक इंटरनेटवर उपलब्ध आहे. त्यात देश निवडून एचएस क्रमांक टाकला की वर्षागणिक दर दिसतो. तो छापून घ्या, तारीख टाकून फाइलला लावा. मग साधा हिशेब करा. समजा मूळ ड्यूटी २० टक्के आहे आणि पाच समान टप्प्यांत शून्यावर येणार आहे. पहिल्या टप्प्यात ती १६ होईल. १०,००० डॉलरच्या मालावर गिऱ्हाइकाचे ४०० डॉलर वाचले. व्हॅट, एक्साइज, बंदराचे खर्च, तपासणीची फी, यांतलं काहीही माफ नाही. या ४०० डॉलरमधून तुमच्या कागदपत्रांचा खर्च वजा करा. पहिल्या वर्षी हातात काही उरत नाही असं अनेकदा दिसेल, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं. तिसऱ्या टप्प्याला, १२ पॉइंट उतरल्यावर, चित्र वेगळं असतं. मात्र तोवर तुमची व्यवस्था बसलेली हवी.

उगम : सगळा खेळ इथे आहे

माल आफ्रिकेतल्या सदस्य देशाचा आहे हे सिद्ध करण्याचे दोन मार्ग. एक, तो पूर्णपणे इथेच पिकलेला, खणलेला किंवा धरलेला असावा : चहा, मासळी, तांबं. दुसरा, बाहेरून आणलेल्या मालावर इथे पुरेसं काम झालेलं असावं. 'पुरेसं' म्हणजे किती, ते कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाला जोडलेल्या यादीत वस्तूवार लिहिलेलं आहे. कुठे शीर्षक बदललं पाहिजे असं असतं, कुठे परक्या मालाच्या किमतीला टक्केवारीची मर्यादा, कुठे ठरावीक प्रक्रिया. कपडे आणि मोटारगाड्या यांच्या नियमांवर देशांची चर्चा सगळ्यात जास्त लांबली, म्हणून त्या धंद्यातल्यांनी ताजी यादी बघितल्याशिवाय ऑर्डर घेऊ नये.

काय पुरेसं नाही, तेही लिहिलेलं आहे : नुसतं पॅकिंग, बाटल्यांत भरणं, लेबल लावणं, निवडणं, धुणं, साधं मिसळणं. नैरोबीत मसाल्याचं काम करणारे एक काका माझ्याकडे आले. सांगलीची अख्खी हळद आणतात, इथे दळतात, सुंदर पाऊच, वर जिराफाचं चित्र. म्हणाले, "दळण इथलं, पाऊच इथला, कामगार इथले. मग माल केनियाचा की नाही?" हळकुंड असो की पूड, सहा आकडी क्रमांक एकच : ०९१०.३०. शीर्षक बदलत नाही, पाऊचला किंमत नाही. हळद सांगलीचीच राहते, जिराफ काढला काय आणि ठेवला काय. काका रागावले. मग मी विचारलं की टांझानियात किंवा युगांडात पिकलेली हळद मिळेल का. मिळाली तर शेताच्या पावतीसकट ती पूर्ण आफ्रिकी ठरते. ते त्यांनी मनावर घेतलं.

आता टक्केवारीचा हिशेब, कारण कारखानदार इथेच अडखळतो. समजा तुमच्या वस्तूला नियम असा आहे की परक्या मालाची किंमत एक्स-वर्क्स भावाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नये. एक्स-वर्क्स म्हणजे कारखान्याच्या दाराशी विकायचा भाव, नफ्यासकट. डझनभर डब्यांच्या सेटचा हा भाव १,००० शिलिंग धरू. त्यात आखातातून आलेलं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे डब्याचं कच्चं प्लास्टिक, ४१० चं, वसईची झाकणं १३०, रंगाचं मास्टरबॅच २५. बेरीज ५६५, म्हणजे ५६.५ टक्के. पास. पण पॉलिप्रॉपिलीन तेलाच्या मागे पळतं. त्याचा भाव १० टक्के वाढला की ४१० चे ४५१ होतात, बेरीज ६०६ आणि तुम्ही नापास. माल तोच, कामगार तेच, मशीन तेच. फेब्रुवारीत पात्र असलेला डबा मे महिन्यात अपात्र.

उपाय दोन. झाकणं इथेच काढली तर त्या १३० शिलिंगांऐवजी फक्त त्यांच्या कच्च्या मालाचे साठेक शिलिंग परक्या खात्यात जातात. बेरीज ४९५ वर येते आणि भाववाढीचा दणका पचतो. किंवा कच्चाच माल आफ्रिकेतून घ्या. पॉलिप्रॉपिलीन इजिप्तमध्ये, दक्षिण आफ्रिकेत, नायजेरियात बनतं. करारात सगळे सदस्य देश उगमासाठी एकच प्रदेश धरले जातात, म्हणून पुरवठादाराने लेखी उगम-घोषणा दिली तर तो माल परका राहत नाही. त्या घोषणेशिवाय मात्र तो परकाच, मग बॅगेवर काहीही छापलेलं असो.

एक शंका हमखास येते : मशीन राजकोटचं, साचा पुण्याचा, डिझेल आखातातलं, मग? मशीन, साचे, वीज, इंधन यांचा उगम कुणी बघत नाही. मालात जे उतरतं तेच मोजलं जातं.

हे सगळं सिद्ध करायला वही लागते. स्वाहिलीत हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात. अरबीतला एकच शब्द दोन वाटांनी आपल्याकडे आणि इथे पोचला. पण आमच्या स्टोअरमध्ये हेसाबू म्हणजे म्वांगीच्या खिशातली छोटी डायरी होती. ती बदलायला सहा महिने लागले. काय काय ठेवलं ते सांगतो. प्रत्येक उत्पादनाची कच्च्या मालाची यादी, ग्रॅममध्ये, वाया जाणाऱ्या मालासकट. प्रत्येक आयात लॉटला क्रमांक, आणि त्यासोबत बिल ऑफ एंट्रीची प्रत. परक्या मालाची किंमत कस्टम्सने धरलेली घ्यायची, तुमच्या मनातली नाही. उत्पादनाच्या प्रत्येक बॅचच्या कागदावर कुठला लॉट वापरला ते. आणि दर तीन महिन्यांनी टक्केवारीचा नवा हिशेब, मॅनेजरच्या सहीने. हे कागद निदान पाच वर्षं सांभाळायचे. पडताळणीची विचारणा माल विकून, पैसे वापरून, माणसं बदलून झाल्यावर येते.

प्रमाणपत्र

केनियात उगमाचं प्रमाणपत्र महसूल प्राधिकरणाचा कस्टम्स विभाग देतो. आधी निर्यातदार म्हणून नोंदणी करावी लागते, आणि बहुधा अधिकारी एकदा कारखाना बघायला येतो. त्याला चहा जरूर द्या, पण त्याच्या आधी वही द्या. प्रमाणपत्र बारा महिने चालतं. ५,००० डॉलरपर्यंतच्या मालाला प्रमाणपत्र लागत नाही, इन्व्हॉइसवर निर्यातदाराची उगम-घोषणा पुरते. नवीन गिऱ्हाइकाला पहिला माल याच मर्यादेत पाठवावा असं मी सुचवतो. चूक झाली तरी लहान होते. नियमित पाठवायला लागलात की 'मान्यताप्राप्त निर्यातदार' होण्यासाठी अर्ज करा, म्हणजे मोठ्या मालावरही स्वतःच घोषणा करता येते.

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि प्रमाणपत्र ही चारही समोर ठेवून एका माणसाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचं. कार्टनची संख्या, वजन, वर्णन, क्रमांक. शाळेत पाढे म्हणतात तसं. हास्यास्पद वाटतं, पण आमच्याकडे याने दोनदा वाचवलं आहे. एकदा तर 'प्लास्टिकचे डबे' हे शब्द एका कागदावर 'प्लास्टिकच्या बाटल्या' झाले होते.

मानकं आणि लेबल

ड्यूटी शून्य असली तरी माल विकायला परवाना लागतोच. पूर्व आफ्रिकेत एकमेकांच्या मानक-चिन्हांना बऱ्यापैकी मान आहे. केनियाच्या मानक संस्थेचं चिन्ह असलं की कंपालात सहसा पुन्हा चाचणी होत नाही. पश्चिमेकडे ते गृहीत धरू नका. नायजेरियात खाद्यपदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं नाफडॅक या तिथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेकडे नोंदवावी लागतात, घानात त्यांच्या अन्न आणि औषध प्राधिकरणाकडे. या नोंदणीला करारातल्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून खाद्यपदार्थवाल्यांनी सुरुवात इथूनच करावी, एचएस क्रमांकाच्याही आधी. लेबलची भाषा विचारून घ्या : सेनेगलला फ्रेंच, इजिप्तला अरबी. आणि झाकणाखाली, तळाला, पिशवीच्या अस्तरावर काय उमटलं आहे ते स्वतः उलटं करून बघा.

वाट

मोंबासाहून घानाच्या टेमा बंदरात जाणारा कंटेनर वाटेत कुठल्यातरी तिसऱ्या बंदरावर जहाज बदलण्याची शक्यता मोठी असते, आणि ते बंदर अनेकदा आफ्रिकेबाहेरचं असतं. करार त्याला परवानगी देतो, पण तिथे माल कस्टम्सच्या देखरेखीखालीच राहिलेला हवा आणि चढवणं-उतरवणं यापलीकडे त्यावर काही झालेलं नको. म्हणून बिल ऑफ लेडिंग मोंबासा ते टेमा असं एकसंध घ्या, दोन तुकड्यांत नाही. दुबईतल्या गोदामात उतरवून, तिथून पुन्हा बिल करून पाठवला, तर सवलत गेली.

रस्त्याने जाणाऱ्यांना सीमेवर कोमेसाचं यलो कार्ड, म्हणजे ट्रकचा थर्ड पार्टी विमा, विचारला जातो. बुसिया, मलाबा, नामांगा या सीमेवरच्या नाक्यांवर आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात, त्यामुळे रांग एकच लागते. लांबी मात्र वेळेवर अवलंबून. शुक्रवारी दुपारनंतर मी ट्रक सोडत नाही.

बुसियाच्या बाजारात डोक्यावर माल घेऊन ये-जा करणाऱ्यांसाठी यातलं बरंचसं लागतच नाही. पूर्व आफ्रिकी समुदायात २,००० डॉलरपर्यंतच्या, इथेच पिकलेल्या किंवा बनलेल्या मालाला सीमेवरच साधं प्रमाणपत्र मिळतं. तुमचा माल असे छोटे व्यापारी उचलत असतील तर त्यांना हे सांगा. अनेकजणी अजूनही आडवाटेने जातात आणि दलालाला पैसे देतात.

पैसे, आणि अडकल्यावर

अक्रातला गिऱ्हाईक सेडीत, म्हणजे घानाच्या चलनात, कमावतो, तुम्ही शिलिंगमध्ये खर्च करता, मध्ये डॉलर दोन्हीकडून दलाली खातो. आफ्रेक्झिम या आफ्रिकी आयात-निर्यात बँकेने जानेवारी २०२२ मध्ये पॅप्स ही पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू केली, तिच्यात दोन्ही बाजू आपापल्या चलनात व्यवहार करू शकतात. तुमची आणि गिऱ्हाइकाची, दोन्ही बँका तिला जोडलेल्या आहेत का, एवढंच विचारा. नसतील तर पहिले दोन-तीन व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटने, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावरच करा, ओळख कितीही जुनी असली तरी.

माल विनाकारण अडला तर नुसता आरडाओरडा करू नका. करारात बिगर-ड्यूटी अडथळ्यांची ऑनलाइन तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे देश, ठिकाण, तारीख आणि कागद टाकले की प्रकरण त्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. तक्रारीत रागाचं एकही वाक्य नको. तारखा हव्यात.

महाराष्ट्रातून माल पाठवणाऱ्यांना

भारत या करारात नाही, त्यामुळे तुमच्या तयार मालाला यातून काहीच मिळत नाही. उलट तुमचा इथला गिऱ्हाईक टक्केवारी सांभाळायला तुमची खरेदी कमी करेल. ते आजच ओळखा. तयार झाकणाऐवजी झाकणाचा साचा विका, मशीन विका. ते कुणाच्याही टक्केवारीत मोजलं जात नाही. तयार सुटा भाग पाठवणारच असाल तर इन्व्हॉइसवर एचएस क्रमांक आणि किंमत नीट सुटी लिहा, कारण तो कागद तुमच्या गिऱ्हाइकाच्या पडताळणीत पाच वर्षांनीही उघडला जाऊ शकतो. आमच्या वसईच्या पुरवठादाराने आधी तक्रार केली, मग आम्हाला झाकणाचा साचाच बनवून दिला, झाकणांपेक्षा चांगल्या भावाने.

राहिली एक बारीक गोष्ट. दराचा टप्पा त्या देशात कुठल्या तारखेला बदलतो, ते गिऱ्हाइकाच्या एजंटकडून लेखी घ्या. बंदरात माल आठवडाभर आधी पोचला असेल तर त्याला विचारा, क्लिअरन्सची नोंद नवीन दर लागल्यावर केली तर साठवणुकीचं भाडं किती पडेल आणि ड्यूटी किती वाचेल. कधी थांबणं स्वस्त पडतं, कधी नाही. मागच्या खेपेला आम्हाला थांबणं ३० डॉलरने महाग पडलं.